डबलसीट

मोटरसायकलवरच्या भटकंतीबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक सगळं पुढे बसणाऱ्यांनी लिहिलंय. ज्याच्या हातात हँडल, त्याच्याच हातात नंतर लेखणी येते. त्यामुळे वाचणाऱ्याचा असा समज होतो की मोटरसायकलवरून फिरणं म्हणजे वारा, क्षितिज आणि स्वतःचा शोध. मागच्या सीटवरून क्षितिज दिसत नाही. हेल्मेट दिसतं. त्यावर ‘लडाख’ असा स्टिकर असतो आणि ते हेल्मेट पौडच्या पलीकडे फारसं गेलेलं नसतं.

मला मोटरसायकल चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. आमच्या कंपूत डॉक्टर, सीए आणि मास्तर असे तीन चालवणारे आहेत. एवढ्या चालवणाऱ्यांना एक तरी बसणारा लागतोच. फेरीबोटीचं तिकीट काढायला, नकाशा बघायला, पाण्याची बाटली धरायला आणि मुख्य म्हणजे ‘आपण काय जबरदस्त चालवली ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला.

डॉक्टर दातांचा. त्याच्याकडे बुलेट आहे आणि तिचा वंशवृक्ष त्याला तोंडपाठ आहे. मूळ घराणं इंग्लंडातलं, 1955 पासून मद्रासला, सरहद्दीवर गस्त घालायला लष्कराने मागवली, वगैरे. तो बाणेरला भाजी आणायला जातो तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर गस्तीचा भाव असतो. सीएकडे हल्लीची उंच, डोंगर चढणारी गाडी आहे. गाडी डोंगर चढते, पण सीए गाडीवर चढत नाही. त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून थांबायचं झालं की तो आधी फुटपाथ शोधतो आणि कोकणात फुटपाथ नाहीत. मास्तरकडे स्प्लेंडर आहे. ती त्याने शाळेत जायला घेतली होती आणि तो अजून तिच्यावरून शाळेत जातो. तिच्याबद्दल तो काही बोलत नाही. बोलण्यासारखं तिच्यात काही होत नाही, हीच तिची थोरवी.

मुळात जायचं होतं लेहला. पन्नाशीच्या मराठी माणसाला पूर्वी काशीची ओढ लागायची, हल्ली खारदुंग ला खिंडीची लागते. या खिंडीत 18,380 फूट अशी पाटी वर्षानुवर्षं मिरवत होती. पुढे लोकांनी नीट मोजलं तेव्हा उंची 17,582 फुटांच्या आसपास भरली. म्हणजे जवळजवळ आठशे फूट नुसते पाटीवर! हे कळल्यावर सीए अस्वस्थ झाला. हा ताळेबंद फुगवण्याचा प्रकार आहे, अशा ठिकाणी आपण जाऊ नये, असं त्याने जाहीर केलं. मास्तरला नाताळापलीकडे रजा मिळत नव्हती आणि त्या दिवसांत लेहला जायचं तर रस्ते बर्फाखाली, त्यामुळे या तत्त्वनिष्ठेला सर्वांनी लगेच पाठिंबा दिला. ठरलं ते असं : ताम्हिणी उतरायचं, किनाऱ्याने रत्नागिरी गाठायची आणि आंबा घाटाने परत. डॉक्टरचा स्टिकर मात्र आधीच येऊन पडला होता. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून लावला.

मागे बसणाऱ्याचा या देशात कुणी मनापासून विचार केला असेल, तर तो सरकारने. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम खास आमच्यासाठी आहे. मागच्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, असं त्यात म्हटलंय. हे शेवटचं म्हणजे आपलं साडीगार्ड. डॉक्टरने बुलेट घरी आणली त्याच आठवड्यात साडीगार्ड काढून माळ्यावर टाकलं. ‘लूक जातो रे.’ पाठोपाठ धरायची दांडीही गेली, कारण तिथे सामानाची पिशवी बांधायची होती. म्हणजे सरकारच्या कृपेने मला जे तीन हक्क मिळाले होते, त्यांतला पाय ठेवायचा तेवढा उरला. त्यातही उजव्या पायाशेजारी सायलेन्सर.

पहाटे पाचला निघायचं ठरवलं की पुण्यातून साडेसातला निघता येतं, तसे निघालो. आमचा तांडा पहिल्यांदा फुटला तो चांदणी चौकात. 2023 साली तिथला नवा पूल सुरू झाल्यापासून त्या चौकात रस्ता चुकणं कमीपणाचं मानत नाहीत. डॉक्टर आणि मास्तर मुळशीकडे लागले, सीए मोठ्या आत्मविश्वासाने साताऱ्याकडे गेला. पिरंगुटला मिसळ खाऊन आमचा दुसरा चहा चालू असताना तो आला. ‘गाडी जरा मोकळी करून आणली,’ म्हणाला.

निघण्यापूर्वी डॉक्टरने हातवाऱ्यांची एक संहिता सगळ्यांना पाठवली होती. तळवा खाली करून हलवला तर वेग कमी करा. टाकीवर थाप मारली तर पेट्रोल भरायचंय. हेल्मेटवर थाप मारली तर पुढे पोलीस. पाय बाहेर काढला तर त्या बाजूला खड्डा. यातलं शेवटचं मास्तरला नवं नव्हतं. आपल्याकडे रिक्षावाले वळायचं असलं की पाय बाहेर काढतात आणि त्यासाठी त्यांना कुणी संहिता पाठवली नव्हती. प्रत्यक्षात झालं असं, की ताम्हिणीच्या अलीकडे डॉक्टरच्या हेल्मेटमध्ये चिलट शिरलं. त्याने आधी हात हलवला, मग हेल्मेटवर थापा मारल्या, मग मान झटकताना तोल सावरायला पाय बाहेर काढला. मागून येणाऱ्या सीएने याचा अर्थ ‘सावकाश, पुढे पोलीस आहेत आणि ते खड्ड्यात आहेत’ असा लावला आणि फुटपाथ नसलेल्या जागी थांबला. गाडी आडवी झाली. त्याला काही झालं नाही. ती दोन क्विंटलची गाडी उभी करायला मात्र आम्ही चौघं आणि करवंदीच्या जाळीतून बाहेर आलेला एक गुराखी लागला. गाडी उभी राहिल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘ॲव्हरेज किती देते?’

हा प्रश्न पुढे रत्नागिरीपर्यंत आम्हाला पुरला. चहाची टपरी असो, देवळाचं आवार असो, माणूस आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, मग ॲव्हरेज विचारतो. सीए आकडा सांगायचा, माणूस हळहळायचा. डॉक्टर ‘पस्तीस’ म्हणायचा, तर ‘बुलेट आहे, तेवढं चालायचंच’ असं सांत्वन व्हायचं. मास्तर ‘पासष्ट-सत्तर’ म्हणाला की सगळी गर्दी मुकाट्याने स्प्लेंडरकडे सरकायची. एवढा पैसा ओतून, गुडघ्यांना कवचं बांधून, कोपरांना ढाली लावून आलेल्या दोन माणसांसमोर स्वेटर घातलेल्या मास्तरचा असा सत्कार रोज व्हायचा.

गाडी चालू असताना बोलता येत नाही, हा मोटरसायकलच्या सहलीचा खरा पाया आहे. हेच आम्ही चौघं एका मोटारीतून निघालो असतो, तर माणगाव यायच्या आत राजकारण, शाळेतली जुनी उधारी आणि एसीचा आकडा या तीन विषयांवर मैत्री संपली असती. इथे प्रत्येक जण आपापल्या हेल्मेटमध्ये कोंडलेला. (हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं आमचं शहर. 2019 च्या जानेवारीतल्या मोर्चात डॉक्टरही होता. आज त्याचं हेल्मेट माझ्या फ्रिजपेक्षा नवं आहे. शहरात ती सक्ती असते, घाटात तेच ‘रायडिंग गिअर’ होतं.) दीड-दोन तास कुणी कुणाला काही ऐकवू शकत नाही. साठलेलं सगळं पुढच्या टपरीवर एकदम बाहेर पडतं आणि चहा यायच्या आत संपतं, कारण निम्मं कुणाला आठवतच नसतं.

या उत्तम व्यवस्थेत सीएने इंटरकॉम आणला. हेल्मेटमध्ये बसवायचा, ब्लूटूथचा. जोडी मिळाली म्हणून एक डॉक्टरला दिला. आता हे दोघं बोलणार आणि मधे मी. मला ऐकू यायचं ते फक्त अर्धं, डॉक्टरच्या तोंडचं. घाटाच्या ऐन वळणावर तो मधेच ओरडायचा, ‘नाही, नाही, डावीकडे!’ मी बिचारा डावीकडे झुकायचो आणि गाडी उजवीकडे वळायची. मागच्याने स्वतःच्या बुद्धीने झुकायचं नसतं, हे तत्त्व तिथेच शिकलो. त्यात सीएचा फोन त्या इंटरकॉमला जोडलेला आणि 31 डिसेंबर ही जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख. म्हसळ्यापर्यंत डॉक्टरला त्याच्या तीन अशिलांची उलाढाल कळली होती. एकाची तर इतकी तपशिलात, की बागमांडल्याच्या धक्क्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, ‘याने इनपुट क्रेडिट घ्यायला नको होतं.’ तेवढ्यात बॅटरी संपली आणि मैत्री वाचली.

सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरवणारी ही फेरीबोट माझ्या विशेष लोभातली आहे. इथली माणसं तिला जंगलजेटी म्हणतात. खिडकीवर मोटरसायकलचं तिकीट वेगळं आणि मागे बसणाऱ्याचं वेगळं फाडतात. जमिनीवर मी कुणाच्या तरी गाडीवरचं ओझं, पाण्यावर पाय ठेवला की स्वतःचं तिकीट असलेला नागरिक! पुढे वासिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखावर तवसाळ-जयगड, असे आणखी दोनदा मला नागरिकत्व मिळालं. बोट चालू झाली की चालवणारे तिघं आपापल्या गाड्या धरून उभे राहतात, कारण लाटेने पडली तर? आणि मी कठड्याशी शेंगदाणे खात उभा. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, त्यासाठी सगळी धूळ सोसायला मी तयार आहे.

केळशी, आंजर्ले करत हर्णैला पोचलो तेव्हा संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर बर्फ, टोपल्या आणि एकच कल्ला. डॉक्टर किल्ल्याचे फोटो काढत होता. मी बघत होतो एका बाईंकडे. लुगडं नेसलेल्या, साठीच्या पुढच्या. मुलाच्या मोटरसायकलवर मागे एका अंगाला बसल्या, मांडीवर मासळीची टोपली घेतली, एका हाताने टोपली धरली आणि दुसऱ्या हाताने समोरच्या बाईशी हिशेबाचं भांडण चालू ठेवलं. गाडी निघाली. धरायला तिसरा हात नव्हता आणि त्याची त्यांना गरजही दिसली नाही. खड्ड्यात मुलगा उडाला, टोपली जागच्या जागी. भांडणही जागच्या जागी. 123 वा नियम लिहिताना त्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर याच बाई असणार. मी दिवसभर डॉक्टरच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी लोंबकळत आलो होतो. पुढच्या टप्प्यात मी एक हात सोडून बघितला. दापोलीच्या पहिल्याच उतारावर परत धरला.

मुक्काम मुरूडला. दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. कोवळ्या वयात ते परीक्षा द्यायला इथून साताऱ्याला चालत गेले, भर पावसात, सह्याद्री चढून. तिथे गेल्यावर साहेबाने वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. ते परत आले आणि पुढे जे केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ही हकिगत मास्तरने सांगितली तेव्हा डॉक्टर पालथा पडून कमरेला बाम लावून घेत होता आणि सीए अंगठ्याला आलेला फोड कुणाला दाखवावा या विवंचनेत होता.

कमरेवरून आठवलं. ज्या मित्रांना मी तीस-पस्तीस वर्षं समोरून ओळखतो, त्यांना पाठीमागून ओळखायला मला या सहलीत मिळालं. तोंडाने माणूस काहीही सांगेल, पाठ थाप मारू शकत नाही. समोरून ट्रक आला की डॉक्टरचे खांदे कानांपर्यंत जातात आणि ट्रक गेल्यावर तो मान मागे करून ओरडतो, ‘घाबरलास का?’ सीएची पाठ उतारावर ताठ आणि टोलनाक्यावर सैल, दुचाकीला टोल नसतो हा आनंद त्याच्या मणक्यांत मावत नाही. ब्रेक मारला की माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर ठक्कन आपटतं. ज्याला ते चालत नाही तो अगोदर हळू होतो. मास्तरच्या मागे बसलो तेव्हा दाभोळपर्यंत एकदाही ठक्क झालं नाही. त्याच्या पाठीकडे बघून मला एकच गोष्ट कळली, की त्याने स्वेटर उलटा घातला होता.

धोपाव्याहून गुहागर, तिथे पोटात कावळे. कोकणातल्या घरगुती खाणावळीत ताट मागायला भूक पुरत नाही, आधी फोन करावा लागतो.

‘फोन केला होतात?’ दारातल्या काकांनी विचारलं.

‘नाही हो. पण चारच जण आहोत.’

‘चार असा नाहीतर चाळीस. भात मोजून टाकलाय.’ मग त्यांनी आमच्या गाड्यांकडे, डॉक्टरच्या गुडघ्यांवरच्या कवचांकडे, सीएच्या बुटांकडे निवांत पाहून घेतलं. ‘कुठनं आलात म्हणायचे?’

‘पुण्याहून. गाडीवर.’

‘गाडीवर? का हो, एस्टी बंद आहे काय?’

डॉक्टरचं आयुष्यातलं सगळं साहस या एका प्रश्नापुढे आडवं झालं. आम्हाला जेवण मिळालं, बांगडाही मिळाला, पण तो हात धुईपर्यंत काही बोलला नाही. नंतर जयगडच्या बोटीत त्याने विषय काढला तो थेट चे गव्हेराचा. चे 1952 साली असाच मित्राबरोबर मोटरसायकलवरून दक्षिण अमेरिका फिरला आणि त्याला जग कळलं, याला एस्टी हे उत्तर नव्हे, वगैरे. मला गप्प बसवेना. एक तर त्यांच्या गाडीने चिलीतच राम म्हटला. पुढचे हजारो मैल ते दोघं ट्रक, बोटी, तंगडतोड, मिळेल त्याने गेले. म्हणजे जगातली ही सगळ्यात प्रसिद्ध मोटरसायकल-सहल बहुतांशी मोटरसायकलशिवाय झाली. दुसरं म्हणजे गाडी त्याची नव्हतीच, त्याच्या मित्राची, अल्बेर्तो ग्रानादोची होती. अधूनमधून चालवायला घेत असेल, पण मुळात चे हा डबलसीट. प्रवासाची गाजलेली रोजनिशीही त्याचीच आणि टी-शर्टवरही तोच गेला. मागे बसणाऱ्यांच्या इतिहासात एवढी प्रगती दुसऱ्या कुणाची नाही.

यावर डॉक्टर म्हणाला, ‘मागे बसून बोलायला काय जातं?’ आणि नेमकं गणपतीपुळ्याला त्याची कंबर धरली. बुलेट देवळाजवळच्या लॉजमध्ये ठेवून, आरे-वारेचा सूर्यास्त तरी चुकवू नये म्हणून, त्याला मास्तरच्या मागे बसवलं. मी सीएच्या मागे. खाली समुद्र, वर वळणावळणाचा रस्ता, आणि पुढून स्प्लेंडरवरून अखंड आवाज येतोय. ‘गिअर टाक. अरे टाक ना गिअर. त्या बसच्या मागे कशाला राहतोस? हळू. हळू! खड्डा आहे. होता. मास्तर, धरायला काही नाही का रे हिच्यावर?’ स्प्लेंडरला मागे धरायची दांडी आहे, साडीगार्डही आहे. दोन्हीवर डॉक्टरचे अनुक्रमे हात आणि पाय होते. आरे-वारेला उतरल्यावर त्याने सूर्याकडे पाठ करून आम्हाला सांगितलं, की मागच्या सीटवरून रस्त्याचा अंदाज येत नाही, हा गाड्या बनवणाऱ्यांचा मूलभूत दोष आहे आणि यावर कुणीतरी लिहायला हवं.

रात्री रत्नागिरीत सीएने हिशेब मांडला. पेट्रोलच्या रकान्याशी तो अडला. मागे बसणाऱ्याने पेट्रोलचा वाटा द्यायचा की नाही? डॉक्टरचं म्हणणं, माझ्या वजनाने बुलेटचं ॲव्हरेज बिघडलं, तेव्हा वाटा सोड, नुकसानभरपाईच हवी. मास्तरचं म्हणणं, तिघांच्या पाण्याच्या बाटल्या, चार्जर आणि डॉक्टरचा बाम मी सगळा वेळ पाठीवर वाहिला, त्याची हमाली होते. सीएने चष्मा वर केला, बराच वेळ आकडेमोड केली आणि निकाल दिला. मला प्रवासी धरलं तर वाटा पडतो, सामान धरलं तर पडत नाही. फेरीबोटीची तिकिटं मात्र प्रवासी म्हणून फाडली गेली आहेत, त्यामुळे पाण्यावर प्रवासी आणि जमिनीवर सामान असं धरून पेट्रोल माफ. डॉक्टर मास्तरच्या मागे बसला तो आरे-वारेचा टप्पा त्याच नियमाने सामानात घातला आणि रकान्यात नोंद केली : ‘डॉक्टर, एक नग.’